आधी साइन तीस दाबून बघ

२ फेब्रुवारी

अगं,

आज एका दुकानदाराशी कडाकडा भांडून आलोय आणि सांगायला घरात कोणी नाही, म्हणून तुला लिहितोय. आता माझ्याशी बोलायचं तुला काही कारण उरलेलं नाही, एवढं कळतं मला. दोन वर्षांपूर्वी तू या घरातून गेलीस ती माझ्या मुलाला सोडून गेलीस. सासऱ्याला सोडलं असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि कोणी सांगेपर्यंत मी तसं धरून चालणार नाही. फोन करणार नाही, घाबरू नकोस. कारखान्यातल्या आवाजानं एक कान गेलाय आणि दुसऱ्याला फोनवरचं अर्धंच कळतं.

भांडण कशावरून, ते सांगतो. रविवारी भिंगरीचा फोन आला होता. बापाशी बोलून झाल्यावर तिनं आजोबांना मागितलं; तिचा किनरा आवाज तेवढा मला फोनवरही कळतो. म्हणाली, आई अभ्यास करता करता कॅल्क्युलेटरला शिव्या घालते, त्याचं तीनचं बटण एकदा दाबलं की दोनदा उमटतं. मग मी खोदून खोदून विचारलं. जमीन-मोजणीच्या पदविकेचा एकच पेपर राहिलाय म्हणे, एप्रिलमध्ये आहे, आणि तो सुटला तरच ऑफिसात तुला कायम करणार, नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार. पोरीला दटावू नकोस. आठ वर्षांच्या पोरीकडून बातम्या काढतो, दोष माझा.

तर मी उठलो आणि सरळ दुकानात गेलो. परीक्षेला प्रोग्रॅम भरता येणारा चालत नाही, साधा सायंटिफिकच लागतो, एवढं भिंगरीनं पाठ करून सांगितलं होतं. दुकानदारानं एक पुढ्यात ठेवला. मी साइन तीस दाबलं. जन्म लेथवर गेला माझा, साइन तीस म्हणजे अर्धा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यानं दाखवलं वजा ०.९८८. म्हटलं, हा बिघडलाय. त्यानं दुसरा काढला. तोच आकडा! तिसरा काढला तर त्यात ०.४५४. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुमचा सगळा मालच नासका आहे, लोकांच्या पोरांची वर्षं वाया घालवाल. तो म्हणाला, काका, तुमचं वय झालंय. मग काय विचारतेस! चार माणसं जमली.

शेवटी मागे उभी असलेली एक कॉलेजातली मुलगी पुढे आली, माझ्या हातातून कॅल्क्युलेटर घेतला, दोन बटणं दाबली आणि ०.५ आणून दाखवलं. "आजोबा, वर बारीक आर दिसतोय ना, म्हणजे हा रेडियनमध्ये होता. तिसऱ्यावर जी हे अक्षर आहे, तो कोन आणखी वेगळ्याच मापात मोजतो. तुम्हाला डी हवाय, डिग्रीचा." दुकानातली यंत्रं येणारा-जाणारा हाताळतो, कोणीतरी बदलून ठेवलं होतं. मी तोंड पाडून बाहेर आलो. माफी मात्र मागितली नाही, वयाचा विषय त्यानं काढायला नको होता.

रस्त्यात मात्र मनात आलं. हेच तुझं परीक्षेत झालं तर? पेपर संपेपर्यंत सगळी उत्तरं चुकत जातील आणि यंत्र तोंडानं काही सांगणार नाही. म्हणून म्हणतो, हे काम माझ्यावर सोड.

तुझा म्हातारा


११ फेब्रुवारी

अगं,

तुझं कार्ड मिळालं. "तसदी घेऊ नका, माझं मी बघेन." वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दुकानात गेलो. पहिल्याकडे आता कोणत्या तोंडानं जाणार?

हा दुकानदार शांत आहे. नाकावर चष्मा, बोलणं कमी. मला स्टूल दिलं आणि सात-आठ नमुने मांडून म्हणाला, बसा निवांत, दाबून बघा. मी दोन दिवस जातोय. तिसऱ्या दिवशी तो मला कामाला ठेवेल अशी लक्षणं आहेत.

तर ऐक. ज्याच्यावर सगळी एबीसीडी टाइप करता येते आणि ज्याच्या पडद्यावर आलेख निघतात, ते सगळे बाद. त्यांच्या पोटात सूत्रं भरून ठेवता येतात, परीक्षेच्या दारातच काढून घेतील. अगदी स्वस्तातले, एकाच ओळीचे, तेही बाद. त्यात उत्तर येताच आधीचं दाबलेलं पुसलं जातं, मग चुकलं कुठे ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. पडदा दोन ओळींचा हवा, वर तू काय दाबलंस ते, खाली उत्तर. आणि मागे जाऊन मधलाच आकडा दुरुस्त करता आला पाहिजे.

तुझ्या कामाला अंश, मिनिटं, सेकंद यांचं वेगळं बटण लागणार. ते असलं की कोन जसा मोजला तसाच घालायचा, दशांशात करत बसायला नको. आहे का विचारलं तर शांत दुकानदार म्हणाला, बहुतेकांवर असतं, कोणी विचारत नाही. मग प्रत्येकावर शोधलं. एकावर ते दुसऱ्या बटणाच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत, म्हणजे दर वेळी दोनदा दाबा. तो बाजूला ठेवला. मला सरळ एका दाबात पाहिजे.

सेलही हवा आणि उजेडावर चालणारी पट्टीही हवी. एकानं दगा दिला तर दुसरं आहे. बटणांवरचे आकडे नुसते छापलेले नकोत, घासून जातात. मी थुंकी लावून नखानं खरवडून बघितलं, तेव्हा मात्र शांत दुकानदारानंही नाक मुरडलं. आणि बटण दाबल्यावर अंगठ्याला कळलं पाहिजे की दाबलं गेलं. मऊ, लुसलुशीत बटणं मला मुळीच आवडली नाहीत. एक सापडलाय, कसा खणखणीत आहे! दाबलं की कट्. तोच घेतो.

तू नको म्हणालीस, ते ऐकलं बरं का मी. फक्त मनावर घेतलं नाही.

तुझा म्हातारा


२० फेब्रुवारी

अगं,

पार्सल मिळेल. खोक्यातून काढलंस की आधी उलटं करून मागची बाजू बघ. माझी करामत आहे.

तुला आठवत असेल, माझ्या सगळ्या हत्यारांवर माझं नाव कोरलेलं आहे. कारखान्यात आमच्या शॉपमध्ये हत्यारावर नाव नसेल तर त्याला पाय फुटायचे. मायक्रोमीटर खाली ठेवून पाणी प्यायला गेलं की परत येईपर्यंत दुसऱ्याच्या टेबलावर. म्हणून नवीन वस्तू आली की पहिलं काम कोरायचं, मग वापरायची. कोरायचं पेन अजून आहे माझ्याकडे, हातही अजून हलत नाही.

पण तुझं नाव कोरायला घेतलं आणि थांबलो. आडनाव कोणतं घालू? आमचं ठेवलंयस की माहेरचं लावतेस, ते विचारायला धीर झाला नाही. मग म्हटलं, नावापेक्षा कामाचं काहीतरी घालावं. तेव्हा मागे कोरलंय, "डी बघ. आधी साइन ३० दाब. ०.५ आलं तर पुढे जा." अक्षर बघ कसं आलंय, छापल्यासारखं. आता पेपर सुरू करताना ते हाताखाली असेल, विसरायची सोयच नाही.

चिरंजीवांनी विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, परीक्षेला बसणाऱ्या एका माणसासाठी. त्यानं पार्सलला दोरी बांधून दिली. त्याला कळलं असावं.

तुझा म्हातारा


२९ मार्च

अगं,

तुझं पत्र आलं. "कॅल्क्युलेटर छान आहे. आभारी आहे. भिंगरी बरी आहे." एवढंच.

खोटं कशाला बोलू, आनंद झाला. पण नंतर जरा चुटपुट लागली. तुझं हे "छान" माझ्या ओळखीचं आहे. आमच्याकडे दहा वर्षं होतीस. भाजीत मीठ जास्त झालं तरी छान, फिरायला जायचं ठरून ऐन वेळी रद्द झालं तरी छान. मग एके दिवशी बॅग भरलीस, तेव्हा आम्ही दोघं बापलेक तोंडात मारल्यासारखे उभे. त्याला तर अजून कळलेलं नाही नक्की काय झालं.

जाऊ दे. पेपर दहा तारखेला आहे ना? आदल्या दिवशी नवीन काही वाचू नकोस. सेलची चिंता करू नकोस, नवा आहे. मी इथे बसून काय करणार, तर सकाळपासून घड्याळाकडे बघणार.

तुझा म्हातारा


१८ एप्रिल

अगं,

भिंगरीनं सांगितलं. तुझ्याकडून काहीच येईना म्हणून बापलेकीचं बोलून झाल्यावर मीच फोन मागितला आणि ती रडायलाच लागली. "आजोबा, आईचा कॅल्क्युलेटर वर्गातल्या सरांनी काढून घेतला. मागे लिहिलेलं होतं म्हणून."

मी कपाळाला हात लावला आणि तिथेच जिन्यावर बसलो.

परीक्षेच्या यंत्रावर एक अक्षरही लिहिलेलं चालत नाही, हे मला कसं सुचलं नाही गं? हत्यार म्हटलं की कोरायचं, एवढंच या डोक्यात. दुकानात नियम विचारून विचारून दुकानदाराचं डोकं खाल्लं, बटणं खरवडली, सूत्रं भरता येतात का म्हणून खातरजमा केली, आणि घरी आणून माझ्याच हातानं त्याच्या पाठीवर लिहून ठेवलं. जो नियम पाळायला निघालो तोच मोडला! तुला चांगला कॅल्क्युलेटर देऊन मीच तुझ्या हातातून काढून घेतला.

भिंगरी म्हणाली की बाकीचा पेपर तू कागदावर गुणाकार-भागाकार करत लिहिलास आणि शेवटचे दोन प्रश्न राहिले. डोळ्यांसमोर येतंय सगळं. बसवत नाही आणि उठवतही नाही.

मी परीक्षा मंडळाला पत्र लिहितो. चूक माझी आहे, मुलीची नाही, असं सहीनिशी लिहून देतो. म्हणत असशील तर जाऊन उभा राहतो. तू फक्त कळव.

पण एक कोडं सुटत नाही. पार्सल फेब्रुवारीत मिळालं. हॉलतिकिटावर नियम छापलेला असणार, तू तो वाचला असणार, तू सगळं वाचतेस. मग तो घेऊन गेलीसच कशी?

तुझा म्हातारा


२७ एप्रिल

अगं,

कार्ड मिळालं. तीन वेळा वाचलं. आता मी रागावणार आहे, तेव्हा बसून वाच.

तू लिहितेस, "नियम माहीत होता. कोरलेलं दिसू नये म्हणून भिंगरीच्या पुस्तकाचं लेबल वर चिकटवलं. पर्यवेक्षकांनी ते सोलून बघितलं आणि म्हणाले, लपवलंय म्हणजे कॉपीच. दुसरा घेतला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला वाईट वाटलं असतं! अगं वेडे, मला वाईट वाटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? एक दिवस तोंड फुगवून बसलो असतो, दुसऱ्या दिवशी चहा पिऊन विसरलो असतो. त्यासाठी तू परीक्षा पणाला लावलीस? नोकरी पणाला लावलीस? "बाबा, तुमची अक्कल कुठे गेली होती, हे कोरलेलं चालत नाही, नवीन घेतेय" एवढं दोन ओळींचं लिहायचं होतंस. हात काय दुखत होता?

माझी चूक मी कोणाच्या माथी मारत नाही. कोरलं मी. पण लेबल तू चिकटवलंस. आणि हे तुझं आजचं नाही. आमच्या घरात तू हेच केलंस, जे खुपलं त्याच्यावर लेबल चिकटवलंस. आम्हीही असे ठोंबे की कोणी ते सोलून बघितलं नाही.

आता मी सांगतो ते कर. माझ्यावर रागाव. आभारी आहे नको, छान आहे नको, मस्तपैकी कागद भरून रागाव. जे जे मनात आहे ते लिही. मी काही विरघळत नाही. वयाच्या अठराव्या वर्षापासून फोरमनच्या शिव्या खाल्ल्यात.

आणि तोवर मी काहीही विकत घेणार नाही, मंडळाला लिहिणार नाही, भिंगरीला काही विचारणार नाही.

तुझा म्हातारा


२३ मे

अगं,

बाप रे! पाच पानं, पाठपोट!

आधी बातमी. पेपर थोडक्यात गेला, हे वाचून जीव खाली गेला, पण जुलैत पुन्हा बसता येतंय आणि तुमच्या साहेबांनी तोवर जागा भरायची थांबवलीय, हे वाचून वर आला. कॉपीचा ठपकाही मंडळानं काढला, तू जाऊन भांडलीस म्हणून. तू! भांडलीस! ती दोन वाक्यं मी उभ्यानं वाचली.

आता तुझ्या रागाबद्दल. सगळं मान्य. बटणं तुला कडक होतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी माझ्या अंगठ्यानं पारखली, आणि माझा अंगठा जन्मभर लोखंड दाबत आलेला. तू पेपरभर दाबणार, तुझी बोटं दुखतात, आणि त्या कट्-कट् आवाजानं शेजारचा परीक्षार्थी वळून बघतो, हेही खरं. बरोबरचं चिन्ह तुझ्या सवयीपेक्षा वेगळ्या जागी होतं, त्यामुळे तू दोन महिने चुकत होतीस. आणि हे सगळं होऊन मला लिहिलंस, छान आहे!

"तुम्ही माझ्यासाठी आठवडाभर दुकानं हिंडलात, पण मला एकदाही विचारलं नाहीत, तुला कसा हवा म्हणून." हे वाक्य वाचलं आणि पुढचं पान उलटायला वेळ लागला. पुढे लिहिलंयस की त्या घरात दहा वर्षांत पडद्याचा रंगसुद्धा तुला कोणी विचारला नाही. खरं आहे. पडदे मीच आणायचो. मला वाटायचं, तुझा त्रास वाचवतोय.

पोरीकडून बातम्या काढायच्या नाहीत, तेही कबूल. काही विचारायचं असेल तर तुलाच विचारीन. म्हणून आता विचारतो, तुला कसा कॅल्क्युलेटर हवाय?

हे विचारायला उशीर झालाय, तू घेऊनही टाकलास, ते शेवटच्या पानावर वाचलं. मऊ बटणांचा! मी नाकारलेला! शिवाय तुमच्या ऑफिसात सगळे तोच वापरतात, म्हणजे अडलं तर कोणी दाखवेल. ही गोष्ट माझ्या सगळ्या चाचण्यांत नव्हती. आणि रोज कामाला तोच घेतेस, म्हणजे परीक्षेपर्यंत बोटांना तो पाठ होईल. हे मात्र मला सुचायला हवं होतं, नव्या हत्यारावर महत्त्वाचं काम कोणी करत नाही.

चिरंजीव बाहेरून आले तेव्हा मी हसत होतो. विचारलं, कोणाचं पत्र? म्हटलं, तुझ्या बायकोचं, होती तिचं, मला भरपूर झापलंय. तो म्हणाला, "मला कधी असं बोलली नाही ती." मी म्हटलं, बोलली असती तर ऐकलं असतंस? तो आत गेला. जेवताना म्हणाला, "माहीत नाही." एवढं खरं तो पहिल्यांदाच बोलला. तुला काही करायला सांगत नाही मी. झालं ते सांगितलं.

अभ्यास कर. काही विचारायचं असेल तर विचार, नसेल तर नको.

तुझा म्हातारा


३० ऑगस्ट

अगं,

तू स्वतः फोन केलास! माझ्या बऱ्या कानाला लावून भिंतीकडे तोंड करून ऐकला, तरी "सुटले" एवढंच कळलं. त्यावर मी ओरडलो. मग तू काय काय बोलत होतीस आणि मी नुसतं हो हो करत होतो. म्हणून भिंगरीकडून पुन्हा सगळं वदवून घेतलं. हे बातम्या काढण्यात धरू नकोस, हे भाषांतर होतं.

ती म्हणाली, आई पास झाली, आई कायम झाली, आणि आईनं तुम्हाला राहायला बोलावलंय.

मी म्हटलं, खरं सांग, आईनं बोलावलंय की तू बोलावतेयस? म्हणाली, आईनं. म्हटलं, उगीच शिष्टाचार म्हणून नाही ना? शिष्टाचार म्हणजे काय ते तिला समजावण्यात आमचा वेळ गेला.

यायचं म्हणून कालपासून अंगात वारं शिरलंय. तुमची खोली एकच आहे, मी घोरतो, सकाळी लवकर उठून भांडी वाजवतो, आणि दिसेल ते दुरुस्त करायला घेतो. हे तुला सगळं ठाऊक आहे. दहा वर्षं तू ते छान म्हणून काढलंस. म्हणून बॅगेला हात लावण्याआधी मी भिंगरीला विचारलं, बाळ, आजोबांनी किती दिवस राहायचं? ती म्हणाली, थांबा, आईला विचारते. मग फोनमधून तुझा आवाज आला, लांबून, पण या वेळी शब्द न् शब्द कळला. "येऊ देत की. कंटाळा आला की मी सांगेन त्यांना, बाबा, आता निघा."

सांगशील? अगदी तोंडावर? मग मी बिनघोर येतो.

तुझा म्हातारा